एचबी नऊ, गोळ्या लोहाच्या, दुखणं बी-१२चं

आत्या भाजी घेऊन घरी आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. दारात उभी राहून पायाकडे बघत ती स्वतःच हसली, "वय झालं गं आता." मला हसू आलं नाही. पायातून चप्पल जाते आणि पायाला पत्ता लागत नाही, हे वयाचं लक्षण नव्हे.

वर्षभर ती लोहाच्या गोळ्या घेत होती. कारण साधं होतं, हिमोग्लोबिन ९.१. गोळ्यांनी बद्धकोष्ठता झाली, तोंडाला कडवट चव आली आणि वर्षाच्या शेवटी हिमोग्लोबिन निघालं ९.०. मग गोळीची कंपनी बदलली. शेजारच्या काकूंनी बीट सुचवलं, वहिनीने काळ्या मनुका. पायाला मुंग्या येतात म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत, "शुगर आहे ना, त्याच्यामुळे."

मी तिची रिपोर्टची पिशवी उपसली. प्रत्येक रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या चार-पाच ओळी खाली एक आकडा होता, एमसीव्ही १११, आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण. वर्षभर त्या बाणाकडे कुणी पाहिलं नव्हतं. हा लेख त्या ओळीबद्दल आहे.

रक्त कमी म्हणजे काय कमी?

"रक्त कमी आहे" असं आपण म्हणतो, पण अंगातलं रक्त लिटरच्या हिशेबात कमी झालेलं नसतं. कमी असतं हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींमध्ये भरलेला, प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं साधारण ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणायचं. आयुर्वेदातला शब्द पांडुरोग.

ॲनिमिया हे रोगाचं नाव कमी आणि तक्रारीचं नाव जास्त आहे. "घरात पाणी येत नाही" असं म्हटल्यावर टाकी रिकामी आहे, मोटार जळलीय की पाइप फुटलाय हे जसं कळत नाही, तसंच. पण आपल्याकडे ॲनिमिया म्हटलं की लोह, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे यात वाद नाही. पण केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष पोषण पाहणीत १० ते १९ वयाच्या मुलामुलींमध्ये लोहाची कमतरता २२ टक्क्यांना आढळली, बी-१२ची ३१ टक्क्यांना आणि फोलेटची ३७ टक्क्यांना. या दोन जीवनसत्त्वांना आपण फारच हलक्यात घेतो.

फोलेट हे बी गटातलं एक जीवनसत्त्व. गोळीत येतं तेव्हा त्याला फोलिक ॲसिड म्हणतात. बी-१२ त्याच गटातलं दुसरं. यापुढे ही दोनच नावं लक्षात ठेवली तरी चालेल.

पुरण आणि उंडे

पुरणपोळीचा घाट डोळ्यांसमोर आणा. पुरण म्हणजे हिमोग्लोबिन आणि प्रत्येक पोळी म्हणजे एक तांबडी पेशी.

लोह कमी पडलं म्हणजे पुरण कमी पडलं. उंडे होतात, पोळ्या लाटल्या जातात, पण त्या लहान आणि फिकट निघतात. लोहाच्या ॲनिमियात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अशाच दिसतात, आकाराने लहान आणि मध्ये पांढुरक्या.

बी-१२ किंवा फोलेट कमी असतं तेव्हा पुरण मुबलक असतं, कणीकही मळलेली असते, पण उंडे तोडणारा हात नसतो. हाडांच्या मगजात पेशी तयार होताना एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा दुभंगत जातात. दर वेळी दुभंगण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची, म्हणजे आपल्या आराखड्याची, नक्कल करावी लागते. ही नक्कल करायला फोलेट आणि बी-१२ लागतात. ते नसले की पेशी फुगत राहते, पुरण भरत राहते, पण दुभंगत नाही. शेवटी पन्नास पोळ्यांच्या जागी वीस होतात, त्याही भल्यामोठ्या. आणि भल्यामोठ्या पोळीचं जे होतं तेच पुढे होतं, बऱ्याचशा तव्यावरच फुटतात. मगजातल्या मगजात पेशी फुटून जातात, रक्तात पोचतच नाहीत. त्या फुटलेल्या मालामुळे अशा माणसाच्या चेहऱ्यावर फिकटपणाबरोबर हलकी पिवळी झाक येते आणि घरचे कावीळ समजून वेगळ्याच दिशेला धावतात.

मगजात दर सेकंदाला वीसएक लाख तांबड्या पेशी तयार होत असतात, म्हणून पहिला फटका रक्ताला बसतो. तोंडाच्या आतली कातडीही भराभर बदलणारी, त्यामुळे जीभ गुळगुळीत, लाल आणि झोंबणारी होते. वारंवार तोंड येतं. आपल्याकडच्या माणसांत आणखी एक खूण दिसते, बोटांच्या पेरांवर काळपटपणा चढतो. आत्या वर्षभर त्यावर लिंबू चोळत होती.

एमसीव्हीची ओळ

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० हा साधारण पट्टा. ८० च्या खाली गेलं तर पोळ्या लहान, लोहाचा किंवा थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक दोषाचा संशय. १०० च्या वर गेलं तर पोळ्या मोठ्या, बी-१२ किंवा फोलेटचा संशय. ही ओळ साध्या सीबीसी तपासणीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, असतेच, वेगळे पैसे पडत नाहीत.

संशय म्हणजे निकाल नव्हे. दारू, थायरॉइडची कमतरता, यकृताचे आजार, काही औषधं आणि उतारवयात हाडांच्या मगजाचे काही विकार यांनीही पेशी मोठ्या होतात. म्हणून एमसीव्ही वाढलेलं दिसलं की बी-१२ आणि फोलेट प्रत्यक्ष मोजायचं.

उलट बाजूचा घोळ जास्त महत्त्वाचा आहे. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले तर एक पेशीला लहान करतं, दुसरं मोठं करतं, आणि सरासरी येते ९०. रिपोर्टवर बाण नाही, सगळं आलबेल. एका ताटात पुरीएवढ्या आणि दुसऱ्या ताटात परातीएवढ्या पोळ्या असल्या तर सरासरी पोळी नेहमीसारखीच भरणार. अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा आकडा बघायचा. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो. तो वाढलेला असेल तर सरासरीवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडच्या बायकांत ही दुहेरी कमतरता मुळीच दुर्मीळ नाही.

परळचं संशोधन

फोलेटचा शोध मुंबईशी जोडलेला आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायका एका भयंकर ॲनिमियाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तात पेशी थोड्या होत्या आणि मोठ्या होत्या. विल्स यांनी त्या बायका काय खातात ते नोंदवलं, तसाच आहार उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन पाहिला. नाना गोष्टी करून पाहिल्यावर गुण आला तो यीस्टपासून केलेल्या मार्माईटने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या काळ्या, खारट चिकट पदार्थाने. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला 'विल्स घटक' म्हणू लागले.

१९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक म्हटलं गेलं. १९४५ मध्ये अमेरिकेत तो प्रयोगशाळेत तयार झाला, त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बी-१२ची वाट वेगळी होती. युरोप-अमेरिकेत अशाच मोठ्या पेशींच्या ॲनिमियावर १९२६ पासून रुग्णांना रोज पावशेराच्या आसपास यकृत खायला घालत होते. त्यातला घटक हाती लागला १९४८ मध्ये, तो बी-१२.

विल्स यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. शुद्ध केलेला यकृताचा अर्क, जो दुसऱ्या रोग्यांना उठवून बसवत होता, तो त्यांच्या बायकांना लागू पडेना. म्हणजे रक्ताचं चित्र एकच, कारणं दोन. नव्वद वर्षांनी आपण तिसरं कारण धरून सरसकट लोह देतोय.

फोलिकची गोळी चालूच आहे की!

हा आक्षेप हमखास येतो, आणि धोका इथेच आहे. फोलेट आणि बी-१२ जोडीने काम करतात. बी-१२ नसलं की शरीरातलं फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकतं, जणू कपाटात धान्य आहे आणि किल्ली हरवलीय. बाहेरून भरपूर फोलिक ॲसिड दिलं की ते कपाटाला वळसा घालून येतं, पेशी दुभंगू लागतात, हिमोग्लोबिन चढतं. सगळे खूश. पण बी-१२चं दुसरं एक काम असतं, नसांवरचं आवरण टिकवण्याचं, आणि त्यात फोलेटचा काही उपयोग नाही. रक्त सुधारत जातं आणि नसा झिजत राहतात. विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक उडावं तसं.

सुरुवात पायांतून होते. मुंग्या, बधिरपणा, कापसावर चालल्यासारखं वाटणं. मग तोल. बेसिनवर वाकून, डोळे मिटून तोंड धुताना झोक जातो. अंधारात चालताना भिंत धरावी लागते. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासपणा हेही त्यातच येतं. मधुमेह असलेल्या माणसात हे सगळं साखरेच्या खात्यावर टाकलं जातं. आणखी एक, नसांचा त्रास ॲनिमिया नसतानाही होऊ शकतो. हिमोग्लोबिन १३ आहे म्हणून बी-१२ ठीक आहे असं धरून चालता येत नाही.

'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी मोहिमेत शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी असो की गरोदर बायकांना रोज मिळणारी लाल, दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. याचा अर्थ त्या गोळ्या टाळायच्या असा मुळीच नाही. विशेषतः गर्भाच्या मज्जारज्जूची नळी नीट मिटायला फोलेट लागतं आणि ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आसपासच, म्हणून दिवस राहण्याआधीपासून फोलिक हवंच. पण सोबत बी-१२चं काय, हा प्रश्न उरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात दोन-तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी होतं, फोलेट कमी असलेली बाई मात्र एकच निघाली. आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, अशांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात मधुमेहाकडे नेणारे बदल सर्वाधिक दिसले. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

आणि अंगावरच्या बाळाला बी-१२ मिळतं ते आईच्या दुधातूनच. आईचंच कमी असेल तर बाळ मलूल होतं, मान धरलेलं बाळ मान टाकू लागतं, कधी हातपाय थरथरतात. हे बाळ मुळातच मंद आहे असं समजून घरात बसून राहू नये, लगेच दाखवावं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर फरक झपाट्याने दिसतो.

आपले आजोबा-पणजोबा शाकाहारीच होते ना?

होते. त्यांचं बी-१२ कुणी मोजलं नव्हतं, एवढाच फरक. शिवाय त्यांच्या वेळी दहा-दहा वर्षं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेण्याची पद्धत नव्हती.

बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. ते प्राण्यांच्या अंगात साठतं, वनस्पतींत नाही. अन्नातून आलेलं बी-१२ जठरातल्या आम्लाने सुटं होतं, जठरातच स्रवणाऱ्या एका प्रथिनाचं बोट धरून आतड्यातून प्रवास करतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या पहिल्याच पायरीवर अडवतात, मेटफॉर्मिन शेवटच्या. काहींच्या शरीरात ते बोट धरणारं प्रथिनच नष्ट होतं, त्यांनी कितीही मटण खाल्लं तरी उपयोग नाही. म्हणून "आम्ही तर मांसाहारी" हेही संरक्षण नव्हे. आत्या शाकाहारी, मेटफॉर्मिनवर आणि ॲसिडिटीच्या गोळीवर. तिन्ही दारं बंद.

यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे दुखणं सावकाश येतं आणि माणूस "थकवा आहे" म्हणत सवय करून घेतो. फोलेटचा साठा मात्र चार-सहा महिन्यांतच संपतो.

मग खायचं काय? फोलेटचं सोपं आहे. पालेभाज्या, डाळी, हरभरे, शेंगदाणे, आणि हो, बीटही. बीटात लोह जेमतेमच, पण फोलेट बऱ्यापैकी असतं, म्हणजे काकू चुकून का होईना निम्म्या बरोबर होत्या. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि पाणी फेकून देऊ नये. तासभर रटरटवली तर बरंचसं फोलेट नष्ट होतं.

बी-१२ची गरज मोठ्या माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे मीठाच्या कणाहूनही कमी. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ ते ०.५ मिळतं. "दूध घेतो ना" म्हणणाऱ्यांनी चहातलं दूध मोजावं. दोन कपांत मिळून शंभर मिलिलिटरही भरत नाही. रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक पोटात जात असेल तर गोष्ट वेगळी. एका अंड्यातून अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास, तेही बहुतेक बलकात, म्हणजे पांढरा भाग खाऊन बलक टाकणाऱ्यांनी नेमकं तेच टाकलं. बांगडा, तारली, मटणाची कलेजी यांत भरपूर. मोड आलेली कडधान्यं आणि इडलीचं आंबवण यांवर भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात असतं ते बरंचसं बी-१२चं तोतया रूप, शरीराला न चालणारं.

आता रेशनच्या तांदळाबद्दल. "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून गावोगाव व्हिडिओ फिरले. पाण्यात तरंगणारे ते दाणे प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले असतात, शंभर किलोत एक किलो. निवडून फेकू नयेत. पण त्यांच्याकडून चमत्काराचीही अपेक्षा नको. नियमानुसार एक किलो अशा तांदळात बी-१२ असतं ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. महिन्याला माणशी पाच किलो धान्य, सगळा तांदूळच धरला तरी दिवसाला दीड-पावणेदोनशे ग्रॅम. म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही नाही.

इंजेक्शन की गोळी, आणि किती दिवस?

आधी तपासणी, मग इंजेक्शन. हा क्रम उलटा झाला की नंतरचा आकडा आभाळाला भिडतो आणि मूळ स्थिती कधीच कळत नाही. बी-१२ साधारण २०० च्या खाली असेल तर कमी. २०० ते ३०० मध्ये असेल आणि लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी पुढची तपासणी सांगतात.

नसांची लक्षणं असतील, ॲनिमिया तीव्र असेल किंवा शोषणच होत नसेल तर इंजेक्शन. सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नुसत्या आहारामुळे कमी असेल तर रोजची १००० मायक्रोग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते. एवढी मोठी मात्रा का? कारण बोट धरणाऱ्या प्रथिनाशिवायही गोळीतला सुमारे एक टक्का भाग आपोआप आत झिरपतो, आणि हजाराचा एक टक्का म्हणजे दहा, गरजेच्या चौपट. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. ते इंजेक्शन लाल असतं म्हणून रक्त वाढवतं अशी एक समजूत आहे. लाल रंग त्या रेणूच्या मधोमध बसलेल्या कोबाल्टमुळे येतो, बीटासारखाच योगायोग.

कारण कायमचं असेल तर औषधही कायमचं. शुद्ध शाकाहारी माणसाने सहा इंजेक्शनं घेऊन विषय संपवला तर दोन वर्षांनी तो परत तिथेच येतो. धाप लागणं, छातीत दुखणं, चालताना तोल जाणं, किंवा गरोदरपण असेल तर या लेखाच्या भरवशावर घरी काही करू नका, आधी डॉक्टर गाठा. अति कमी हिमोग्लोबिन असलेल्यांत उपचाराच्या पहिल्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आत्याचं बी-१२ निघालं ९६. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "भूक लागायला लागलीय गं." ताकद यायला तीन आठवडे लागले. दीड महिन्याने हिमोग्लोबिन १०.८ वर येऊन अडलं, आणि आता डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली. तिला वाटलं मी वर्षभराच्या गोळ्यांना उगाच नावं ठेवली. मी म्हणाले, "आता उंडे भराभर तुटतायत आत्या, म्हणून पुरण कमी पडायला लागलंय." या वेळी त्याच गोळीने काम केलं, तिसऱ्या महिन्यात १२.१.

जीभ बरी झाली, पेरांचा काळपटपणा हळूहळू उतरतोय. पायांच्या मुंग्या निम्म्या गेल्या. उरलेल्या जातील की नाही, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, कारण नस वर्षभर उघडी राहिली होती. आत्याने नवीन चप्पल घेतलीय, मागे पट्टा असलेली.